लय कोण वाढवतं

गुणवंतराव सरकारी कागदावर आरोग्य सहायक होते, पण सावली तालुक्यातली गावं त्यांना ओळखत ती टाळकरी म्हणून. कीर्तन कुठल्याही गावात असो, बुवांच्या मागे डाव्या हाताला, गळ्यात तुळशीची माळ आणि डोळे मिटलेला जो उंच माणूस दिसेल, तो गुणवंतराव. दिवसा खांद्याला लसींचा डबा, संध्याकाळी हाताला टाळ. दोन्ही कामं देवाचीच, असं ते म्हणत, आणि म्हणताना त्यांना अजिबात संकोच वाटत नसे.

शतक बदलून एखादं वर्ष झालं असेल. त्यांच्या केंद्राखाली कोसमतळी नावाचं ढीवरांचं, म्हणजे मासेमारांचं, गाव होतं. मोठा तलाव, तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या उताराला, वस्ती आणि वस्तीच्या टोकाला दोन खोल्यांचं उपकेंद्र. या गावात कित्येक वर्षांत एकही बाळंतीण दगावली नव्हती. अडली बाई वेळेत दवाखान्यात पोचायचीच. आजूबाजूच्या गावांना तीच औषधं जात, तसाच खड्ड्यांचा रस्ता होता, पगारही तोच. तिथं मात्र बाया दगावायच्या. हे असं का, याचा शोध घ्यायला डॉ. अश्वजित आले. मूळचे चंद्रपूरचे. आरोग्यसेवा कुठं चालते, कुठं ठप्प होते आणि का, हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. माणूस मनमिळाऊ, पाळीवर मांडी घालून बसणारा, कोणी दिलेला काळा चहा न कुरकुरता पिणारा.

त्या दिवशी गुणवंतराव त्यांना घेऊन तलावावर आले, तेव्हा सामाईक मासळी निघाली होती. पाळीवर पळसाची पानं मांडून घरागणिक वाटे लावणं चाललं होतं. वाटे लावत होता पोचू ढीवर.

"डॉक्टरसाहेब, तुमी घडीघडी येऊन राह्यले जी," पोचू मान वर न करता म्हणाला. "तलावात काई पडलं काय तुमचं?"

"पडलंच आहे भाऊ. सापडलं की सांगतो." अश्वजित हसले. मग त्यांचं लक्ष एका पानाकडे गेलं. एका वाट्याला लागून दुसरा, जरा लहान वाटा होता. "हा कोणाचा?"

"पोटातल्याचा."

"म्हणजे?"

"लच्छूच्या सुनेले दिवस गेले न जी. थे आता दोन जीवाची झाली. मंग वाटा एकच कसा देता?"

"हे ठरवतं कोण?"

पोचूनं आता मान वर केली. असला प्रश्न त्याला आजवर कोणी केला नव्हता. "ठरवाचं काय त्याच्यात," तो म्हणाला आणि पुन्हा वाट्यांना लागला.

तो लहान वाटा पानावर पडला की साऱ्या गावाला कळायचं. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन सगळ्या आळ्यांतून फिरणाऱ्या बाया त्या दारात थोड्या जास्त थांबत. पायावर सूज दिसली तर उपकेंद्रातल्या कुंता नर्सबाईच्या कानावर घालत. कुंताबाई पाळीवर येऊन हाक मारत. ट्रॅक्टरवाला त्या महिन्यात डिझेल उरवून ठेवी. कुणी कुणाला हुकूम सोडलेला नव्हता. अश्वजितांनी हे सगळं ऐकलं, कौतुकही केलं. पण ते शिकून आले होते ते असं, की प्रत्येक परिणामाला एक मुख्य कारण असतं. ते हुडकायचं, उचलायचं, दुसरीकडे बसवायचं.

आणि गुणवंतरावांना तर ते कारण लेकीच्या गावात बसवायची घाई होती.

त्यांची एकुलती लेक रीता पळसटोल्याला दिलेली होती. धानाचं गाव. आषाढ-श्रावणात तिथं रोवणा सुरू झाला, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावायचा हंगाम आला, की चालतं माणूस म्हणून गावात उरत नाही. सारं गाव बांध्यांमध्ये, धानाच्या शेतांत. मागल्या वर्षी असाच रोवणा चालू असताना रीताच्या पोटात कळा उठल्या. घरात एक सासू, तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. दोघींनी हाका मारल्या. ऐकायला गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. दिवस मावळताना नवरा चिखलाचे पाय घेऊन घरी आला तेव्हा लेकरू जन्मलंही होतं आणि गेलंही होतं. रीता वाचली ती नशिबानं.

आता तिला पुन्हा दिवस होते. आणि महिने मोजले तर बाळंतपण येत होतं ते पुन्हा रोवण्यातच.

म्हणून पाळीवरून परत येताना गुणवंतराव म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बाकी सारं सोडा. तुमाले सांगतो, हे सगळं एकट्या कुंताबाईचं काम आहे. थे बाई जिथी जाईन तिथी कोसमतळी होईन."

अश्वजितांच्या मनातही तेच होतं. पहिल्या टिपणात त्यांनी तसं लिहिलं. वर कुणीतरी ते वाचलं, आणि बदल्यांच्या दिवसांत कुंताबाईंची बदली झाली. कुठं करावी असं विचारल्यावर गुणवंतरावांनीच पळसटोल्याचं नाव सुचवलं. त्या संध्याकाळी कीर्तनात त्यांचा टाळ असा काही वाजला, की बुवांनी मागं वळून पाहिलं.

पळसटोल्याला कुंताबाई गेल्या. उपकेंद्र झाडलं, पडदे लावले, घरोघर जाऊन आल्या. बाया हसून बोलल्या, चहा पाजला आणि तपासायला मात्र एकही आली नाही. कोसमतळीत ज्या हाकेवर चार बाया धावत येत, ती हाक इथं मारायला पाळच नव्हती. महिना गेला. गुणवंतराव भेटायला गेले तेव्हा कुंताबाई दारात बसून तांदूळ निवडत होत्या.

"भाऊ, मी तीच हाओ," त्या म्हणाल्या. "तशीच बोलते, तशीच हिंडते. पण इथी मी वाऱ्याशी बोलून राह्यली."

नवल पुढंच होतं. कोसमतळीला कुंताबाईंच्या जागी माधवी नावाची नवी नर्स आली. लाजरी पोरगी, गोळ्यांची पुडीसुद्धा दोनदा सोडून पुन्हा बांधणारी. गुणवंतरावांना वाटलं, आता या गावाचंही गेलं. आठवड्यानं जाऊन पाहतात तो मासळीवाल्या बाया उपकेंद्राच्या पायरीवर टोपल्या टेकवून तिला सांगत होत्या, "अवो पोरी, इसरूच्या घरी जाऊन ये. तिचं तोंड सुजून राह्यलं." आणि पोरगी पिशवी घेऊन निघालीसुद्धा. गाव जसं चालत होतं तसंच चालू होतं. कुंताबाई गेल्या, जे चालत होतं ते त्यांच्याबरोबर गेलं नाही.

मग कारण कोणतं? गुणवंतरावांच्या डोक्यात रात्रंदिवस तेच. शेवटी त्यांना तो पळसाच्या पानावरचा लहान वाटा आठवला. वाटलं, हेच. गुरुकिल्ली ही. आता हा माणूस माळकरी. मासळीच्या वासानं पदर नाकाला लावणाऱ्या आईचा लेक. तो पोचूकडे गेला, आपल्या लेकीच्या नावानं एक वाटा मागून घेतला, पानात गुंडाळून थैलीत घातला आणि पळसटोल्याच्या यष्टीत बसला. वास थोडाच लपतो.

"बाबाजी," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "गळ्यात माळ अन् थैलीत मासा?"

सारी गाडी हसली. गुणवंतराव थैली मांडीवर घट्ट धरून म्हणाले, "माह्यासाठी नाई जी. नातवासाठी आहे."

पळसटोल्याला त्यांनी चार बाया बोलावल्या आणि वाट्याची रीत समजावून सांगितली. बायांनी मान डोलावली. त्यांच्यातली वयस्क सीताबाई, जिचा शब्द रोवण्याच्या टोळीत शेवटचा असे, थैलीत डोकावून म्हणाली, "भाऊ, रीत चांगली आहे. पण आमच्या गावात तलाव कुठी आहे?" मासळी त्या दिवशी रीताच्या घरी शिजली, खाल्ली गेली आणि संपली. रीत काही रुजली नाही.

रीता बापाला पोचवायला दारापर्यंत आली. पोट आता चांगलंच पुढं आलं होतं. "बाबा," ती म्हणाली, "तुमी कायले एवढे जीव टाकून राह्यले? मागल्या खेपी झालं म्हणून या खेपी होईनच असं नाई." असं ती म्हणाली खरी, पण बोलताना तिनं दाराची चौकट सोडली नाही.

आषाढात कोसमतळीला सप्ताह बसला. अश्वजित पुन्हा आले होते, जरा उतरलेल्या चेहऱ्यानं. दोन्ही गावांच्या बातम्या त्यांच्याकडे पोचल्या होत्या. दिवेलागणीला कीर्तन उभं राहिलं. डॉक्टर बौद्ध घरातले, कीर्तनाची सवय नाही. पण खांबाला टेकून शेवटपर्यंत बसले. पूर्वरंग संपला, बुवांनी नाम धरलं, टाळकऱ्यांनी उचललं. आधी संथ. मग पखवाज जागा झाला, पावलं पडायला लागली, लय चढली, आणखी चढली, आणि एका क्षणी पंधरावीस टाळ मिळून एकच टाळ वाजतोय असं झालं. मांडवातली लहान पोरंसुद्धा गप्प झाली.

आरती झाल्यावर अश्वजितांनी घामेजलेल्या गुणवंतरावांना बाजूला घेतलं. "भाऊ, एक विचारू? ती लय वाढवते कोण? बुवा?"

"नाई जी. बुवा तर डोळे मिटून होते."

"मग पखवाजवाला?"

"तो म्हणते, टाळकरी पळवते मले."

"आणि तुम्ही?"

"मी?" गुणवंतराव थांबले. आयुष्यभर टाळ वाजवला, पण हे कधी मनात आलं नव्हतं. "मी आपला बाजूच्याचा टाळ ऐकतो. त्याच्यात माहा मिळवतो. बस."

"आणि तो बाजूचा?"

"तो माहा ऐकत असन."

अश्वजित तिथंच मांडवाच्या कडेला मांडी घालून बसले. मग म्हणाले, "मी चुकीचं शोधत होतो, भाऊ. यष्टीचं इंजिन बिघडलं तर मिस्त्री उघडतो, बिघडलेला भाग काढतो, दुसरा बसवतो. मी या गावाला इंजिन समजलो. कुंताबाई म्हणजे भाग. उचलला आणि तिकडं बसवला. आता जगात काही लोक वेगळा विचार करायला लागलेत. ते म्हणतात, गाव, दवाखाना, जंगल, पाखरांचा थवा, हे इंजिनासारखे नसतात. यात प्रत्येक जण फक्त शेजारच्याकडे पाहून वागतो, आणि त्यातून एक असं काही उभं राहतं जे एकट्या कुणातच नसतं. तोडून पाहायला गेलं की हातात काहीच लागत नाही. त्याला गुंतागुंतीचं शास्त्र म्हणतात. मी वाचलं होतं. दिसलं आज."

गुणवंतरावांच्या अंगावर काटा आला. अर्ध्या जन्माचं कीर्तन, आणि देव असा टाळांच्या मधल्या जागेत उभा असेल हे कुणी सांगितलं नव्हतं. पण पाठोपाठ लेकीचा चेहरा समोर आला. चौकट धरून उभी असलेली.

"डॉक्टरसाहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "कोणीच करत नसन, तर मंग मी माह्या पोरीसाठी सांगू कोणाले?"

खोटा दिलासा अश्वजितांनी दिला नाही. "ते बसवता येत नाही," ते म्हणाले. "त्या गावाचं त्या गावालाच उभं राहावं लागतं. उभं राहील की नाही, हेही आधी सांगता येत नाही."

पळसटोल्याचा रोवणा सुरू झाला. गावात रिकाम्या उपकेंद्रात बसून कंटाळलेल्या कुंताबाई एक दिवस लुगडं खोचून बांधीत उतरल्या. तपासायला नव्हे, नुसत्या. रोवणारणी रांगेत वाकून, रोप लावत, मागं मागं सरकतात. मुकादम लागत नाही. प्रत्येकीची नजर डाव्या-उजव्या हाताच्या बाईवर, आणि आठ-दहा जणींची रांग दोरी ताणल्यासारखी सरळ मागं जाते. कुंताबाईंची रांग मात्र वाकडी गेली.

"नर्सबाई," सीताबाई म्हणाली, "तुमची ओळ मोहाची पिऊन आली काय?"

बाया चिखलात बसून हसल्या. दुसऱ्या दिवशी कुंताबाई पुन्हा गेल्या. वाकल्या-वाकल्या शेजारची बाई बोलू लागली, आधी कंबरदुखीचं, मग पाळीचं, मग पोटातलं. एवढंच झालं. गुणवंतरावांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी जावयाला दोनदा निरोप धाडला की रीताला माहेरी आणतो. सासूला सोडून ती येईना. मग ते देवाला सांगत राहिले, दुसरं कुणी सांगण्यासारखं नव्हतं.

श्रावणातल्या एका दुपारी लसीकरणाचा डबा घेऊन ते सावलीकडे जाणाऱ्या यष्टीतून पळसटोल्याच्या फाट्यावर उतरले. वाहकानं घंटी दिली, गाडी खड्ड्यांतून रखडत हलली. फाट्यापासून गावापर्यंत नुसत्या बांध्या. ऊन-सावलीचा खेळ चालू होता आणि सगळीकडे रोवणारणींच्या रांगा, वाकलेल्या, रंगीत, दूर गावाच्या कडेला असलेल्या मोहाच्या झाडापर्यंत.

तेवढ्यात ते घडलं. अगदी दूरची, मोहाजवळची रांग ताठ उभी राहिली. क्षणभरानं तिच्या अलीकडची. मग तिच्या अलीकडची. उभ्या राहणाऱ्या बायांची एक लाट हिरव्या चिखलावरून सरळ रस्त्याकडे येत होती, आणि तिच्या पुढं पुढं हाकेचा आवाज, शब्द कळत नव्हते, नुसता सूर. मधल्या एका बांधीतला ट्रॅक्टर थांबला आणि तोंड वळवून मोहाकडे निघाला. गुणवंतराव डबा खांद्यावर ठेवून तसेच उभे राहिले. लय चढताना मांडवात जसं होतं, तसं त्यांच्या छातीत झालं.

लाट रस्त्याला पोचली. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सर्वात अलीकडं एक अनोळखी तरुण बाई उभी होती, हातात रोपांची पेंडी. तिनं गुणवंतरावांकडे पाहिलं आणि पुढच्या टाळकऱ्याला धृपद द्यावं तसं म्हणाली, "थांबवा जी थे गाडी. बाई अडली."

कुणाची बाई, कोणती, काही विचारायला वेळच नव्हता. गुणवंतराव धावले. पायातली चप्पल चिखलात राहिली. दोन्ही हात वर करून, ओरडत, माळ उडत होती. पुढच्या वळणावर चालकाला आरशात हा म्हातारा दिसला आणि गाडी थांबली. "काय झालं बाबाजी?" वाहक खाली उतरला. "अडली आहे," गुणवंतराव धापा टाकत म्हणाले. "सावलीच्या दवाखान्यात न्यायची आहे." कोण, ते त्यालाही विचारायचं सुचलं नाही. प्रवाशांनी मागचं लांब बाक रिकामं केलं.

ट्रॅक्टर धुऱ्याधुऱ्यानं आला. ट्रॉलीत खाट, खाटेला धरून कोपरापर्यंत चिखल लागलेल्या कुंताबाई, सीताबाई आणि तिच्या टोळीतल्या बाया, आणि खाटेवर रीता.

तिनं बापाला पाहिलं. बापानं तिला पाहिलं. खाट उतरवायला पुढं झालेल्या हातांत त्यांचेही दोन हात होते, एवढंच.

सावलीला पोचेपर्यंत कुंताबाईंनी यष्टीतच सगळी तयारी केली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, नाळ गळ्याभोवती होती, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. रडली ती अशी, की बाहेर व्हरांड्यात बसलेल्या सीताबाईनं "गळा चांगला आहे वो, कीर्तनात आजाच्या मांगं उभी करा" असं म्हणून पदरानं तोंड पुसलं.

संध्याकाळी अश्वजित आले. निरोप कसा पोचला देव जाणे. त्यांनी वही काढली नाही. फक्त सीताबाईजवळ बसले आणि म्हणाले, "बाई, रीता घरी नव्हती का? बांधीत कशी आली?"

"मोहाखाली बसून पेंड्या बांधून राह्यली होती न जी. आठ दिवसांपासून येते. सासूले पण आणते. गावात एकटी कायले ठेवाची?"

"बोलावलं कोणी तिला?"

"मी नाई बाप्पा. माह्या बाजूची म्हणे, नर्सबाईनं सांगतलं."

कुंताबाई आत बाळाला गुंडाळत होत्या. त्यांनी मान हलवली. "मी कुठी? मले वाटलं, सीताबाईनं ठरवलं असन. नाईतर मंग गुणवंतभाऊनं निरोप धाडला असन."

"मी?" गुणवंतराव म्हणाले. "मले तर मालूमच नव्हतं."

मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, बाजूची रांग उभी झाली म्हणून त्यानं गाडी वळवली. शेवटची ती पोरगी, धुऱ्यावरची, दवाखान्यात आलीच नव्हती. तिचं नावही कुणाला नक्की सांगता येईना, परगावाहून रोवण्याला आलेली होती. अश्वजित ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू लहान पोरानं पहिल्यांदा दिवाळीचं आकाश पाहावं तसा होत गेला. "तलाव नाही, वाटा नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "तरी आलं. आपल्याच वाटेनं आलं."

कुंताबाईंनी बाळ आणून गुणवंतरावांच्या ओंजळीत ठेवलं. टाळ धरून घट्टे पडलेल्या त्या हातांत तिचं वजन जाणवेना. हात रिकामे झाल्यावर ते व्हरांड्याच्या कडेला गेले. कुणाचे तरी आभार मानायचे होते. हात जोडले. मग कोसमतळीकडे वळले, मग पळसटोल्याच्या दिशेला, मग आतल्या खाटेकडे, मग बाकावर ओळीनं बसलेल्या चिखलाच्या पायांच्या बायांकडे; आणि तोंड कुठं करावं ते कळेना म्हणून तसेच, जोडलेल्या हातांनी, बायांच्या शेजारी रिकाम्या जागेवर जाऊन बसले.

"सरका जी थोडं," सीताबाई शेजारणीला म्हणाली. ती सरकली, तिच्या पलीकडची सरकली, आणि बाकाच्या टोकापर्यंत एकेक जण सरकत गेली.